हौसेचा वनवास

माणसाचं स्वतःचं घर झालं, वर स्लॅब पडला, खिडक्यांना गज बसले आणि सोसायटीचा शेवटचा हप्ता फिटला, की त्याच्या मनात एकच इच्छा उरते. कुठंतरी उघड्यावर जाऊन झोपावं! ज्याला घरच नाही त्याला ही इच्छा झालेली मी अजून पाहिलेली नाही. आमच्या भिवंडीत बारा तासांची पाळी संपवून मागाच्या शेजारीच पथारी टाकणारे, भिशीत जेवणारे आणि वर्षातून एकदा मुलुखाला जाणारे कामगार मी लहानपणापासून बघत आलो. त्यांतला एकही मला कधी म्हणाला नाही, की "भाऊ, या नाताळात चार दिवस जरा जमिनीवर झोपून यावं म्हणतो."

आम्हांला मात्र ही बुद्धी झाली. साल १९८२. त्या वर्षीच्या जानेवारीपासून मुंबईच्या गिरण्या संपामुळे बंद पडल्या होत्या, आणि भिवंडीचे माग रात्र म्हणत नव्हते की दिवस म्हणत नव्हते. खटखट खटखट. तीन बत्तीजवळच्या हॉटेलात आमचं पाच जणांचं मंडळ बसायचं. एक वकील, एक डॉक्टर, एक मास्तर, एक सूताचे व्यापारी आणि कोणत्याच कामाचा नसल्यामुळे सगळ्यांना हवासा वाटणारा मी. चहा बशीत ओतता ओतता डॉक्टर म्हणाले, "या आवाजानं माणसाचं माणूसपण गेलं हो. निसर्गात गेलं पाहिजे." माणूसपण गेलेल्या बाकीच्या चौघांनी ताबडतोब माना डोलावल्या.

महाबळेश्वर निघालं ते भाड्याच्या आकड्यापाशी बुडालं. माथेरानला सूतवाल्यांचे व्याही राहायला येणार होते, म्हणून तेही गेलं. मग कुणीतरी तानशाचं नाव काढलं. शहापूरच्या अंगाला तानशाचा तलाव आहे. १८९२ साली बांधून पुरा झालेलं पावणेतीन किलोमीटर लांबीचं दगडी धरण, आणि भोवती तीनशे चौरस किलोमीटरच्या वरचं अभयारण्य. साग, ऐन, कुडा, मोह. तिथलं पाणी पंप न लावता, नुसत्या उताराने मुंबईपर्यंत जातं. त्याचे ते हत्तीसारखे नळ आमच्या तालुक्यातून जाताना आम्ही जन्मभर पाहिले होते. नळाचं एक टोक आपण बघितलंय, तेव्हा दुसरंही बघून यावं, असा सूतवाल्यांचा युक्तिवाद पडला. व्यापारी माणूस, माल कुठून येतो ते बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

साधेपणाने राहायचं ठरल्यामुळे जे सामान झालं त्याला एक टेम्पो लागला. दोन स्टोव्ह, तीन कंदील, पाच गाद्या, कॅरम (रानात!), लोणच्याच्या बरण्या, डॉक्टरांची औषधांची पेटी, आणि सूतवाल्यांच्या घरून कोऱ्या कापडाच्या गाठोड्यात बांधून आलेल्या शंभर पोळ्या. तंबू मास्तरांनी शाळेतल्या एन.सी.सी.कडून आणला होता. तंबूबरोबर त्यांनी खाकी पँट, खाकी शर्ट आणि गळ्यात शिट्टी असा सगळा पोषाखही चढवला होता. मास्तर शाळेत मराठी शिकवत. त्यांच्या अंगावर खाकी म्हणजे ज्ञानेश्वरीला पोलादी पुठ्ठा घातल्यासारखं दिसत होतं. पुढे जे घडलं त्याचं मूळ या पोषाखात आहे, म्हणून एवढा तपशील देतोय.

टेम्पो पडघा, वाशिंद, शहापूर करत आटगावला पोचला आणि तिथून आत वळला. परवानगीचा कागद वकिलांच्या खिशात होता. पाड्यापासून जरा लांब मोकळी जागा बघून आम्ही तंबू ठोकला. तो ठोकायला अडीच तास लागले आणि दोनदा तो डॉक्टरांच्या अंगावर पडला, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी शेकोटीचा प्रश्न आला. वकिलांनी निक्षून सांगितलं, की १९२७ चा वन कायदा आहे, १९७२ चा वन्यजीवांचा कायदा आहे, तेव्हा झाडाची एक काडी मोडायची नाही. मोकळ्या जमिनीवर, भोवती पाणी मारून, पडलेलं लाकूड जाळू. आता पडलेलं लाकूड शोधणं ही विद्या आहे. आम्ही तासाभरात गोळा केलं त्यात एक ओला ओंडका, दोन बिस्किटाची खोकी आणि एक सरडा होता. शेवटी मास्तर पायवाटेने पुढे गेले आणि डॉक्टर दिसेनात म्हणून त्यांनी जोरात शिट्टी मारली.

थोड्या वेळाने मास्तर धापा टाकत परत आले. "अहो, चला लवकर! वाटेत तीन मोळ्या पडल्यात. बांधलेल्या. सुक्या. आसपास चिटपाखरू नाही!"

खरोखरच वाटेवर तीन मोळ्या आडव्या पडल्या होत्या. एकीवर कोयता खोचलेला होता. सुज्ञ वाचकाच्या लक्षात आलंच असेल काय झालं असेल ते. आमच्या नाही आलं. पाच शिकलेली माणसं, त्यांतले तीन पदवीधर. पण खाकी कपडा आणि शिट्टी यांचा डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या बाईशी काय संबंध, हे आमच्या एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. सूतवाले "देव पावला" म्हणाले. वकिलांनी "बेवारस माल" असा शेरा मारला. आम्ही मोळ्या उचलल्या. कोयता मात्र धारदार दिसला म्हणून डॉक्टरांनी तिथेच एका दगडावर नीट ठेवला. पापभीरू माणूस.

काय शेकोटी झाली म्हणता! ज्वाळा माणसाच्या उंचीच्या वर. आम्ही नाट्यगीतं म्हटली, मग सिनेमातली गाणी म्हटली, मग डॉक्टर आदिमानवाबद्दल बोलले. अग्नीभोवती बसलेला माणूस हाच खरा माणूस, बाकी सगळी संस्कृती म्हणजे वरचा मुलामा, असं काहीतरी. मलाही त्या वेळी हजारो वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांशी नातं जुळल्यासारखं वाटलं. अर्ध्या मैलावर पाड्यात जिवंत माणसं होती, त्यांच्याशी नातं जुळवायचं मात्र सुचलं नाही. पूर्वज त्या मानाने सोयीचे असतात. तीन मोळ्या दोन तासांत राख झाल्या.

रात्री झोप लागली नाही. थंडी होतीच, पण खरा त्रास शांततेचा. ज्याचा जन्म मागांच्या खटखटीत गेला त्याला शांतता म्हणजे काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं. सूतवाले तर दर दहा मिनिटांनी दचकून उठत आणि "लाईट गेली का?" विचारत. मध्यरात्री झाडावरून कसला तरी पक्षी ओरडला. पुढे १९९७ साली खानदेशात रानपिंगळा सापडला. तो जगातून नाहीसा झाला असं तोवर समजत होते. २०१४ साली तोच तानशाच्या रानातही दिसला. तेव्हापासून डॉक्टर सगळ्यांना सांगत, "मी त्याला १९८२ सालीच ऐकलाय." रानपिंगळा हा बहुतेक दिवसा हिंडणारा पक्षी आहे, हे त्यांना सांगण्याची माझी छाती झाली नाही.

पहाटे स्टोव्ह पेटेना. काड्यापेट्या दवाने सादळल्या होत्या, राख गार पडली होती आणि आम्ही पाच जण गाद्या पांघरून (हो, पांघरून) बसलो होतो. तेवढ्यात पाड्यावरून एक म्हातारा ठाकूर आणि त्याच्यामागून एक बाई अशी दोघं आली. म्हाताऱ्याने आमच्याकडे बघितलं, राखेकडे बघितलं. मग खाली बसून राख उकरली, तळातला गुंजेएवढा निखारा बाहेर काढला, त्यावर सागाचं वाळकं पान धरलं, फुंकर मारली, आणि आमचा चहा झाला. शंभर वेळा सांगितलं तरी खोटं वाटेल, पण दोन मिनिटं लागली.

बाई उभीच होती. ती राखेकडे बघत होती. माणूस पैसे मोजतो तसं ती राख मोजत होती.

"मोळ्या हितंच व्हत्या?" म्हाताऱ्याने विचारलं.

सगळं उलगडलं. बायकांना वाटलं, खाकीवाला साहेब आला. मोळ्या टाकून त्या झाडीत पळाल्या आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. हे सांगताना दोघंही हसत होती. मास्तरांकडे बघून तर जास्तच. "ह्यो मास्तर हाय व्हय!" आमच्यावर कुणी रागावलंच नाही. त्यामुळे फार पंचाईत झाली. रागावलेल्या माणसाशी वाद घालता येतो.

आम्ही तंबूत जाऊन सभा भरवली. वकील म्हणाले, "लाकूड सरकारचं. तिने सरकारचं नेलं. आपण तिचं काही नेलेलं नाही." मास्तर म्हणाले, "म्हणजे आपण सरकारचं जाळलं." वकील म्हणाले, "ते चांगल्या हेतूने." डॉक्टरांना नवीनच शंका आली, की चोराच्या घरी चोरी झाली तर तक्रार कुणी करायची? सूतवाले इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "आधी भाव विचारा आणि देऊन मोकळे व्हा." आम्ही बाहेर येऊन भाव विचारला. आटगावच्या हॉटेलवाल्याला दिली तर मोळीचे चार रुपये मिळतात, असं म्हातारा म्हणाला. दोन मोळ्या विकायच्या होत्या. तिसरी घरची.

"मग काल रात्री चूल?" मी विचारलं.

"शेजारनं आणलं दोन फाटे," बाई म्हणाली.

आम्ही पंधरा रुपये दिले. टेम्पोला दीडशे पडले होते.

पैसे देऊन झाल्यावर हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, आणि का वाटलं नाही याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आपल्या भाषेत वनाला जोडून दोन शब्द आहेत. वनवास आणि वनभोजन. दोन्हींत झाड तेच, तीन दगडांची चूल तीच, जमीन तितकीच टणक. फरक एवढाच, की वनभोजनाला बाहेर टेम्पो उभा असतो. तसंच उपास आणि उपासमार. माझी आजी एकादशी करायची. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याच्या फोडी. भांडीवाली आली, की ती आम्हां मुलांना दटावायची: "हिच्यासमोर उपासाचं नाव काढायचं नाही." आजीचं शिक्षण मराठी दुसरी. पण आपण हौसेने जे सोसतो ते ज्याला सोसावंच लागतं त्याच्यासमोर मिरवायचं नसतं, एवढं तिला कळत होतं. आम्ही पदवीधर लोकांनी माणसाच्या उंचीची शेकोटी पेटवून ते पाड्यापर्यंत दिसेल असं मिरवलं.

परतीच्या वाटेवर मास्तरांनी आणखी तिखट-मीठ लावलं. म्हणाले, "आपण घोषयात्रा केली." महाभारताच्या वनपर्वात पांडव द्वैतवनात हालात दिवस काढतात, तेव्हा कर्ण आणि शकुनी दुर्योधनाला सुचवतात, की आपण थाटामाटात तिकडे सहलीला जाऊ, त्यांना जळवू. गाईगुरांची मोजदाद करायची असं म्हाताऱ्या बापाला खोटंच सांगून हा बायका, भाऊ, लवाजमा, सगळं घेऊन रानात जातो. म्हणजे आपल्या वाङ्मयातलं पहिलं नावाजलेलं कॅम्पिंग दुर्योधनाचं! तिथे तळ्याकाठच्या जागेवरून गंधर्वांशी भांडण होतं (ते आधीच येऊन उतरले होते), आणि चित्रसेन गंधर्व दुर्योधनाला बांधून नेतो. त्याला सोडवतं कोण? तेच, वनवासातले पांडव. धर्मराज भावांना सांगतो, जा, सोडवून आणा. सुटल्यावर दुर्योधनाला इतकी लाज वाटते, की तो अन्न सोडून मरायला बसतो. "आपण मात्र," मास्तर म्हणाले, "त्याच पाड्यातल्या माणसाकडून निखारा घेऊन दोन-दोन कप चहा प्यालो."

वकिलांना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, दुर्योधन जळवायला गेला होता, आपण कुणाला जळवायला गेलो नव्हतो. मुद्दा बिनतोड आहे. पण फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनेही कुणाला जळवायला म्हणून नव्हे, नुसत्या हौसेने, १७८३ पासून व्हर्सायच्या बागेत एक छोटंसं खेडं बांधून घेतलं. गोठा, दूधघर, कोंबड्या. तिला साधेपणाची मनापासून आवड असेल, कोण जाणे. आणि निसर्गात राहण्याचा गुरू म्हणून ज्याचं नाव घेतात तो थोरो, त्याने वॉल्डनकाठी झोपडी बांधली १८४५ साली. त्याच्या आदल्या वर्षी मित्राबरोबर रानात मासे भाजायला म्हणून त्याने विस्तव पेटवला, आणि गावाचं तीनशे एकर रान जळालं. आम्ही तीन मोळ्यांवर भागवलं, हे त्या मानाने कौतुकाचंच म्हटलं पाहिजे. पण थोरोने ज्यांचं रान जाळलं त्या शेतकऱ्यांनाही तो काही त्यांच्या वाईटावर नव्हता, हे ऐकून फारसं समाधान झालं नसेल.

मग काय, उघड्यावर झोपूच नये? मास्तर म्हणायचे, "खेळ म्हणून तरी एक रात्र जमिनीवर पडल्याशिवाय जमिनीवर पडणं म्हणजे काय ते कळणार कसं?" ऐकायला छान वाटतं. पण मला त्या रात्री जे कळलं ते माझ्या गादीबद्दल कळलं. जमिनीचा टणकपणा कळला, पण उद्याही तीच जमीन आहे, परवाही तीच आहे, हे काही एका रात्रीत कळत नाही. पांडवांनासुद्धा तारीख माहीत होती. बारा आणि एक, तेरा वर्षं. मोळीवालीला कुणी तारीख दिली होती? भिवंडीला परतल्यावर पहिल्या दिवशी मागाशेजारी झोपलेल्या कामगारांकडे मी जरा निराळ्या नजरेने बघितलं, हे खरं. आठवड्याने पाठ दुखायची थांबली आणि नजरही पूर्ववत झाली, हेही खरं. आणि आपलं सुख दुसऱ्याच्या गरजेला कुठे चाटून जातं हे शोधायला बसलं, तर मुंबईकराने नळ सोडायलाच नको. ज्या शहापूर तालुक्यातून त्याला पाणी येतं तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बायका हंडे घेऊन बसतात. शेकोटी निदान दिसते तरी. नळ भिंतीत असतो.

मी पुढच्या वर्षीही तानशाला गेलो, हे कबूल करतो. फक्त लाकडं भिवंडीच्या वखारीतून विकत घेतली. "कुठं नेताय?" वखारवाल्याने विचारलं. "जंगलात," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तिकडूनच आलेली लाकडं मी पैसे देऊन तिकडेच परत नेत असेन, अशी शंका मला पडघा ओलांडल्यावर आली.

वकिलांनी आपला मुद्दा शेवटपर्यंत सोडला नाही. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. रानातल्या माणसांवर इतिहासात अन्याय झाला असं त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूडही घातलंय. मी मुद्दाम त्यांना फोन केला. म्हटलं, "वकीलसाहेब, मोळ्या तिच्याच होत्या हो." चोवीस वर्षांनी! पलीकडून क्षणाचाही विलंब न लावता आवाज आला, "कायदा मागल्या तारखेपासून लागू होत नाही." म्हणजे मोळ्या त्यांच्याही डोक्यातून गेल्या नव्हत्या.

एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी पंधरा रुपये कनवटीला लावून झाल्यावरही ती बाई जाईना. दगडावरचा कोयता तिला मिळाला होता. आम्हांला वाटलं, पैसे कमी पडले. सूतवाल्यांचा हात पुन्हा खिशाकडे गेला.

"दोर," ती म्हणाली. "न् माझी चुंबळ."

दोर होते. तंबूला कमी पडले म्हणून आम्ही तेच बांधले होते. ते सोडून दिले, त्याबरोबर तंबूची एक बाजू बसली. चुंबळ मात्र नव्हती. जुन्या लुगड्याची, डोक्याच्या मापाने बसलेली ती चिंध्यांची गोल वळी आम्ही शेकोटी पेटवतानाच पहिल्यांदा घातली होती. ती पेटली छान, म्हणून डॉक्टरांनी वाखाणलीही होती. आता सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मास्तरांनी एकदम आपल्या गळ्यातला लोकरीचा मफलर काढून पुढे केला. त्यांच्या सौभाग्यवतींनी विणलेला, नवा. बाईने तो हातात घेतला, दाबून बघितला आणि परत दिला.

"लोकर घसरती."

मग सूतवाल्यांनी पोळ्यांच्या गाठोड्यावरचं कोरं कापड सोडलं. आमच्या भिवंडीच्या मागावरचं, त्यांच्याच सुताचं. बाईने ते दोन्ही हातांनी ताणलं, पीळ देऊन गुंडाळलं, डोक्यावर ठेवून मान हलवून बघितली.

"भिवंडीचं ना?" तिने विचारलं.

"अस्सल!" सूतवाले अभिमानाने म्हणाले.

"लई दिस नाय टिकत," ती म्हणाली, आणि म्हाताऱ्याच्या मागोमाग चालू लागली.